‘मी थकलोय’ हे कोणी कोणाला सांगायचं? : वैमानिकांच्या न नोंदलेल्या थकव्याचा इतिहास

(हातकणंगले येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की, हातकणंगल्यात बसून विमान चालवणाऱ्यांच्या थकव्याचं काय करायचंय? आपल्या स्टेशनात रेल्वे थांबते, विमान थांबत नाही. पण उजळाईवाडीचा विमानतळ इथून फार लांब नाही आणि आज या सभागृहात एकदाही विमानात न बसलेली माणसं कमीच असतील. आपण बसतो, पट्टा लावतो, आणि पुढच्या बंद दाराआड जी दोन माणसं आहेत ती पुरेशी झोपून आली आहेत असं गृहीत धरतो. हे गृहीतक कशावर उभं आहे, एवढंच आज आपल्याला तपासायचं आहे.

अडचण सुरुवातीलाच सांगून टाकतो. इतिहास नोंदींवर उभा असतो. शिलालेख, दप्तर, पत्रं, जमाखर्च. आणि इथे आपला विषयच मुळी ‘नोंद न होणं’ हा आहे. युरोपातल्या वैमानिकांच्या संघटनांनी २०१२ साली काही देशांतल्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष एकत्र करून प्रसिद्ध केले. ६,००० हून अधिक वैमानिक त्यात होते. निम्म्यापेक्षा जास्त जण म्हणाले, थकव्यामुळे आमची काम करण्याची क्षमता कमी होते. आता पुढचा आकडा बघा. थकलेल्यांपैकी ७० ते ८० टक्के म्हणाले की, आम्ही तसा रिपोर्ट देणार नाही किंवा ‘आज उड्डाणाला योग्य नाही’ असं कळवणार नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या वैमानिक संघटनेने ५०० जणांना विचारलं. ५६ टक्क्यांनी कबूल केलं की, कॉकपिटमध्ये आपल्याला झोप लागली होती. आणि या झोपलेल्यांपैकी २९ टक्के जागे झाले तेव्हा शेजारचा वैमानिकही झोपलेला होता!

कोणी म्हणेल, संघटनांची सर्वेक्षणं आहेत, संघटनांना कामाचे तास कमी करून हवे असतात. आक्षेप रास्त आहे. संघटनेच्या आकड्याला जरा मीठ लावूनच घ्यावं. पण मग दुसऱ्या बाजूचा आकडा कुठला घ्यायचा? विमान कंपनीकडे आलेल्या रिपोर्टांचा? तो तर न बोलणाऱ्यांना वगळून तयार झालेला. म्हणजे एका बाजूला कदाचित फुगलेला आकडा आणि दुसऱ्या बाजूला नक्कीच रोडावलेला आकडा. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि विमान रोज उडतं आहे.

पहिली नोंद २६ वर्षांनी

या गप्प राहण्याची परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. चार्ल्स लिंडबर्ग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २० मे १९२७ रोजी सकाळी तो न्यूयॉर्कजवळून एकटाच निघाला आणि २१ मेच्या रात्री पॅरिसला उतरला. ३३ तास ३० मिनिटं. निघण्याच्या आदल्या रात्री त्याला झोप मिळाली नव्हती. म्हणजे साधारण अडीच दिवस तो जागा होता. त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं, जगभर खपलं. त्यात इंजिन आहे, हवामान आहे, स्वागत आहे. पण त्या उड्डाणात झोपेशी झालेल्या झुंजीतली सर्वात विलक्षण गोष्ट त्यात नाही. ती आली १९५३ साली, दुसऱ्या पुस्तकात. अटलांटिकवर असताना विमानात आपल्या पाठीमागे माणसांसारख्या आकृती दिसत होत्या, त्या आपल्याशी बोलत होत्या, असं त्याने तेव्हा लिहिलं. मध्ये २६ वर्षं गेली होती.

आता विचार करा. हा जगातला सर्वात कौतुक झालेला वैमानिक. त्याला नोकरीवरून काढणारं कोणी नव्हतं, पगार कापणारं कोणी नव्हतं. तरी थकव्याची पूर्ण हकीकत सांगायला २६ वर्षं लागली. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ‘वीर’ या शब्दाच्या आत ‘थकलो’ हा शब्द बसत नाही, एवढं मात्र दिसतं. आपल्याकडेही जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, टपालाचं विमान आणलं. भारतीय हवाई वाहतुकीची ती सुरुवात आपण धाडसाची गोष्ट म्हणूनच सांगतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र जो धंदा धाडसातून जन्माला येतो, त्या धंद्यात विश्रांती मागणं हे बराच काळ कमीपणाचं वाटत राहतं.

गिरणी, रेल्वे आणि कामाचा तास

इथे थोडं मागे जाऊन आपल्या मुलखात येऊ. कारण कामाच्या तासांचा प्रश्न विमानाने निर्माण केलेला नाही. तो मुंबईच्या गिरण्यांत आधीच उभा होता. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुट्टी, आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. अर्जात एक मागणी होती आठवड्याला एक दिवस सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळल्यावर काम थांबायचं कारणच उरलं नाही! शेवटी १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांच्या कामाला १२ तासांची मर्यादा घातली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. जगासाठी ठरले दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र वेगळं कलम, आठवड्याला ६० तास. ४८ तास कायद्यात यायला १९४६ उजाडलं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं.

पण लक्षात घ्या, हे सगळे कायदे घड्याळ मोजतात. आणि घड्याळ सगळ्यांचं सारखं चालत असलं तरी थकवा सारखा येत नाही. हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं रेल्वेत. न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी १९४७ साली रेल्वे कामगारांच्या तासांबद्दल निवाडा दिला. त्यात कामाचे वर्ग पाडले. सतत लक्ष द्यावं लागतं ते ‘तीव्र’ काम, नेहमीचं चालू राहणारं ते ‘सलग’, आणि मध्ये मध्ये थांबणारं ते ‘खंडित’. आजच्या रेल्वे कायद्यातही हे वर्ग आहेत, अनुक्रमे आठवड्याला ४५, ५४ आणि ७५ तास. विचार शहाणपणाचा होता: किती तास, याबरोबर कसले तास हेही विचारा. तरीसुद्धा इंजिन ड्रायव्हरांना १९७३ साली संप करावा लागला, तेव्हा १० तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळालं.

वैमानिकांची मर्यादाही भांडूनच आली. अमेरिकेत १९३१ साली त्यांची संघटना उभी राहिली, आणि १९३४ च्या एका निवाड्याने महिन्याला ८५ तासांची मर्यादा बसली. म्हणजे आकाशात गेलेला माणूसही तासांच्या बाबतीत गिरणीतल्या माणसाच्याच वाटेने गेला.

थकलेल्याला थकवा कळतो का?

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे वळतो. घाबरू नका, फार वेळ घेणार नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं चौदा-चौदा तास राबत होती. तेव्हा सरकारला थकवा मोजायची निकड वाटली. १९१८ साली त्यासाठी एक मंडळच नेमलं गेलं. त्या काळात बर्नार्ड मुशियो नावाचा एक ऑस्ट्रेलियन माणूस या कामात होता. पुढे तो सिडनीला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, म्हणून मला जरा जवळचा. १९२१ साली त्याने निबंध लिहिला, थकव्याची चाचणी शक्य आहे का? आणि उत्तर दिलं, नाही. थकवा म्हणजे नेमकं काय हेच ठरत नसेल तर मोजणार काय? त्याने तर असं सुचवलं की, शास्त्रीय चर्चेतून हा शब्दच काढून टाकावा. शंभर वर्षं झाली. दारू प्यायलेला वैमानिक यंत्रात फुंकर मारल्यावर सापडतो. झोप न झालेला वैमानिक सापडेल असं यंत्र आजही विमानतळावर नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की, सलग १७ तास जागा राहिलेला माणूस कामात तितकाच ढिला पडतो जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला. एकाला दारातून परत पाठवतात, दुसऱ्याला ‘गुड मॉर्निंग कॅप्टन’ म्हणतात.

मग उरतं काय? त्या माणसालाच विचारायचं. आणि इथेच खरी मेख आहे. दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजला बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक खोटं कॉकपिट तयार केलं होतं. वैमानिकांना तासन्‌तास त्यात बसवायचं आणि चुका मोजायच्या. काय आढळलं? माणूस थकत जातो तसे त्याचे हात लगेच कमजोर होत नाहीत. ढिला होतो तो त्याचा मापदंड. सुरुवातीला काटा थोडा हलला तरी तो दुरुस्त करायचा. दोन तासांनी काटा बराच हलला तरी त्याला ते चालायचं. आणि विचारलं तर म्हणायचा, माझं काम छान चाललंय. ‘आता संपलंच’ असं वाटलं की चुका आणखी वाढायच्या. विमानाच्या बाबतीत ‘आता संपलंच’ म्हणजे उतरायची वेळ, म्हणजे सर्वात धोक्याची वेळ.

२००३ साली अमेरिकेत याचाच पुढचा भाग सिद्ध झाला. लोकांना दोन आठवडे रोज ६ तासच झोपू दिलं. त्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली, आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. पण ‘तुम्हाला झोप येते का?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर काही दिवसांनी बदलायचं थांबलं. त्यांना वाटत होतं, आपल्याला सवय झाली.

आपल्या परंपरेत मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्या आहेत. झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, ‘छान झोप लागली होती.’ झोपेत असताना हे कोणी म्हणू शकत नाही. झोपेचं ज्ञान नेहमी नंतर होतं. थकवा ही या दोहोंमधली सरहद्द आहे. ज्या बुद्धीने थकवा ओळखायचा, तीच बुद्धी थकलेली असते. चोरालाच फौजदार नेमण्यासारखं आहे हे.

१८ ऑगस्ट १९९३ ला क्युबातल्या ग्वांतानामो इथे एक मालवाहू विमान धावपट्टीजवळ कोसळलं. तिघे वैमानिक वाचले, म्हणून आपल्याला आतली हकीकत कळली. कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. त्याने चौकशीत सांगितलं की, त्याला त्या वेळी सुस्ती आली होती आणि काही फरकच पडत नव्हता. तो एक दिवा शोधत राहिला जो त्या दिवशी बंद होता, आणि शेजारचे सांगत होते की वेग कमी होतोय, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने मोठ्या विमान अपघाताचं संभाव्य कारण म्हणून ‘थकवा’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा लिहिला. १९९४ साल! माणसं त्याआधी थकत नव्हती असं नाही. मेलेल्या माणसाच्या शवविच्छेदनात थकवा सापडत नाही, म्हणून लिहिला जात नव्हता.

मंगळूर

आपल्या देशातली सर्वात जड नोंद मंगळूरची आहे. २२ मे २०१० ची पहाट. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे निघून दरीत गेलं. विमानात १६६ जण होते. १५८ गेले, ८ वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात दोन तासांचं बोलणं होतं, आणि त्यातला पहिला सुमारे १ तास ४० मिनिटांचा भाग कॅप्टन गप्प होता. घोरण्याचा आवाज त्यात होता.

विमान खाली येताना हवं त्यापेक्षा खूप उंच होतं. को-पायलटने तीनदा सांगितलं की, उतरू नका, परत वर चला. यंत्रही इशारे देत होतं. कॅप्टनने उतरवलंच. अहवालाने थेट कारण हेच ठेवलं. पण त्याबरोबर हेही नोंदवलं की, गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूला जडपणा असतो, निर्णयात खोट येते, आणि ती वेळ शरीराच्या घड्याळातली सर्वात मंद, पहाटेची होती.

यात दोन शांतता आहेत. एक कॅप्टनची, झोपेची. दुसरी जरा बारकाईने बघा. को-पायलटने तीनदा सांगितलं, पण विमानाचा ताबा घेतला नाही. वरिष्ठाला ‘तुम्ही आता योग्य स्थितीत नाही’ हे म्हणणं आपल्याकडे किती अवघड आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपण साहेबांच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही ‘झोप आली का हो?’ असं विचारताना दोनदा विचार करतो.

कळलं तरी न सांगण्याची कारणं

बार्टलेटने दाखवलेली पहिली अडचण ज्ञानाची होती. दुसरी अडचण भीतीची आणि पैशाची आहे. थकवा कळला आहे, तरी सांगत नाहीत. का?

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. को-पायलट तरुण मुलगी. देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, रात्रभर मालवाहू विमानात बसून ड्युटीच्या गावी आली होती. पगार तुटपुंजा. ध्वनिमुद्रणात ती सर्दीने बेजार आहे हे ऐकू येतं, आणि ती साधारण असं म्हणते की, आत्ता आजारी कळवलं तर हॉटेलात माझ्या खर्चाने राहावं लागेल. या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आलं. या अपघातानंतर अमेरिकेने नियम बदलले, ते २०१४ च्या जानेवारीपासून लागू झाले. मालवाहू विमानांना मात्र त्यातून सूट मिळाली. वैमानिकाचं शरीर तेच, मागे माणसं आहेत की खोकी, एवढाच फरक.

इचलकरंजीच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि आज आपल्या तालुक्याची निम्मी झोप त्या खडखडाटावर चालते. बारा तासांची पाळी, आणि मजुरी ५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे, अशी. माग थांबला की मजुरी थांबली. आता त्या कामगाराला सांगा, बाबा, थकलास की माग बंद करून नोंद कर. तो हसेल. अनेक कंपन्यांत वैमानिकाच्या कमाईचा एक भाग उडालेल्या तासांवर असतो. पगाराचा आकडा कितीही मोठा असला तरी तर्क तोच. शिवाय बढती आहे, कॅप्टन व्हायचं आहे, ‘हा नेहमी थकतो’ असा शिक्का नको आहे, शिकायला काढलेलं कर्ज आहे. आणि एक चांगलं कारणही आहे बरं का! मी थकलो म्हणून सांगितलं तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी सुट्टीच्या दिवशी उठवून बोलावतील. म्हणजे सोबत्याबद्दलच्या आस्थेपोटीही माणूस गप्प राहतो.

म्हणून वैमानिकांना ‘प्रामाणिक राहा’ असा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. खरं बोलण्याचा सगळा खर्च एकट्याने भरायचा आणि फायदा मात्र मागे बसलेल्या १८० जणांनी घ्यायचा, अशी व्यवस्था असेल तर खरं कमीच बोललं जाणार. ज्यांना फायदा होतो त्यांनी खर्चात वाटा उचलायला हवा, हा साधा न्याय आहे.

कोणाला सांगायचं?

यावर उपाय निघालाच नाही असं नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. नंतर कळलं की, सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान तिथेच, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी आपल्या कंपनीत सांगितलं होतं. पण ते कंपनीच्या भिंतीबाहेर गेलं नाही. मग सरकारच्या विमान खात्याने म्हटलं, चुका आम्हाला कळवा. फारसा विश्वास कोणी ठेवला नाही, कारण दंड करणारं खातंही तेच. तेव्हा १९७६ साली हे काम नासाकडे दिलं. नासा परवाना रद्द करू शकत नाही. नाव काढून टाकलं जातं, धडा तेवढा सगळ्यांना कळवला जातो. लोक लिहू लागले, आजही लिहितात. माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. ऐकणारा बदलला होता.

आता आपल्या देशात काय झालं ते थोडक्यात बघू, कारण ही गोष्ट अजून चालू आहे. १९९२ चे जुने नियम होते. जुलै २००७ मध्ये डीजीसीएने नवे, जास्त विश्रांती देणारे नियम काढले. मे २००८ मध्ये ते स्थगित केले आणि जुने परत आणले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०११ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं. त्या मधल्या काळातच मंगळूर घडलं. २०११ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाचा कॅप्टन दारातच कोसळला आणि गेला. मी मुद्दाम काळजीने बोलतो. त्याला आधी २७ तास विश्रांती मिळाली होती, आणि त्या मृत्यूचं कारण थकवा होतं असं म्हणायला आपल्याकडे आधार नाही. पण त्या दिवशी देशभर चर्चा सुरू झाली ती वैमानिकांच्या रात्रीच्या ड्युट्यांची. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नियम सुधारले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८. ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरायची. रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत लँडिंग चालायची, ती दोनवर. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, थकव्याचे आलेले रिपोर्ट आणि त्यांवर काय केलं, हे कंपन्यांनी दर तिमाहीला कळवायचं. रिपोर्ट देणाऱ्याला शिक्षा नाही, नाव गुप्त.

अंमल १ जून २०२४ पासून होणार होता. तो पुढे गेला. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण झाल्यावर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. पुढे काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं रद्द होऊ लागली, ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर. विमानतळांवर बॅगांचे ढीग. आणि त्याच दिवशी डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

या घटनेकडे गैरसोय म्हणून बघता येईल. मी तिच्याकडे हिशोब म्हणून बघतो. विश्रांतीचा नियम खरोखर लागू केल्याबरोबर वेळापत्रक कोसळलं. याचा अर्थ, आधीचं वेळापत्रक काही प्रमाणात तरी वैमानिकांच्या झोपेतून उधार घेऊन चाललं होतं. ते कर्ज कुठल्याही ताळेबंदात दिसत नव्हतं. जे रिपोर्ट लिहिले गेले नाहीत, त्यांची बेरीज एका आठवड्यात रद्द झालेल्या विमानांच्या रूपाने समोर आली. आणि आपण प्रवासी रागावलो कोणावर? बऱ्याच जणांनी काउंटरवरच्या मुलांना शिव्या दिल्या. स्वस्त तिकीट, पहाटेचं विमान आणि रद्द न होणारं वेळापत्रक या तिन्ही गोष्टी आपल्याला एकदम हव्या असतात. त्यांची किंमत कोणीतरी जागून देत असतो.

समारोप करतो. लोखंड्यांच्या काळी कामगाराला आपण थकलो आहोत हे सिद्ध करावं लागलं नाही. त्यांनी ‘प्रत्येकाने आपला थकवा कळवावा’ अशी मागणी केली नव्हती. रविवार सगळ्यांना, असं मागितलं. त्यात मोठं शहाणपण होतं. जी गोष्ट माणूस स्वतः ओळखू शकत नाही आणि ओळखली तरी सांगू शकत नाही, ती त्याच्या सांगण्यावर सोडायची नसते. ती नियमात बांधायची असते. वैयक्तिक रिपोर्ट हवेतच, पण ते नियमाला जोड म्हणून. विश्रांतीचा पाया रिपोर्टावर उभा करू नये, तो रोस्टरमध्येच असावा. आणि तरीही जो माणूस ‘आज मी योग्य नाही’ असं म्हणतो, त्याच्याकडे आळशी म्हणून बघायचं की पहारेकरी म्हणून, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, आता विमान बहुतेक कॉम्प्युटरच चालवतो म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

उत्तर : चांगला प्रश्न. २५ जानेवारी २०२४ ला इंडोनेशियात एका प्रवासी विमानाचे दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपले होते, २८ मिनिटं. एकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती. विमान सरळ जात राहिलं, वाट थोडी चुकली, पण सगळे सुखरूप उतरले. म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं खरं. यंत्राने वाचवलं. पण हेही बघा, करण्यासारखं काही नसताना जागं राहणं हे काम करत जागं राहण्यापेक्षा अवघड असतं. रातपाळीच्या वॉचमनला विचारा. यंत्र जितकं हुशार होईल तितका माणूस फक्त लक्ष ठेवणारा होतो, आणि लक्ष ठेवण्याचं काम झोपेला सर्वात आधी बळी पडतं.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांचं काय? त्यांना कसला डीजीसीए?

उत्तर : नाहीच. गळीत हंगामात रात्री आपल्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा माणूस किती तास जागा आहे, हे कारखाना विचारत नाही, शेतकरी विचारत नाही, मागून येणारे आपणही विचारत नाही. वैमानिकांसाठी निदान नियम आहे, चौकशी आहे, काळी पेटी आहे. म्हणूनच मी आज विमानाचं उदाहरण घेतलं. तिथे नोंदी आहेत, म्हणून बोलता आलं. जिथे काहीच नोंद नाही तिथे किती माणसं गेली असतील, याचा विचार घरी जाताना करा. आणि रस्त्यात पुढे ट्रॉली दिसली तर जरा अंतर ठेवून जा.